वेगळा तवा

भाकरी दुमडली आणि तुटली नाही. घडलं ते एवढंच, पण पंधरा दिवस झाले, डोक्यातून जात नाही. काळ्या दगडी पाटीवर तळहाताएवढ्या चार भाकरी एकीवर एक कलत्या ठेवलेल्या, वरून तुपाचा हात फिरवलेला, शेजारी इवल्याशा पितळी वाटीत ठेचा आणि ठेच्यावर उगाचच एक जांभळं फूल. मी एक उचलली आणि सवयीनं अंगठा नि दोन बोटांत धरून तिची घडी घातली. ज्वारीच्या भाकरीची घडी घालायला गेलं की मधोमध आधी बारीक रेघ उमटते, मग वरचा पापुद्रा फाटतो आणि तुकडा आपोआप हातात येतो. इथं तसं काही झालं नाही. ती कागदासारखी वळली आणि बोटं सैल केल्यावर हळूच परत सरळ झाली. शेफ माझ्या खुर्चीमागं हात बांधून उभे होते. टेबलाभोवतीचे दहा जण घास हातात धरून माझ्याकडं बघत होते. मी हसून म्हणाले, "मस्त."

निमित्त होतं झिरो पीपीएमचं. वाळूजला आमच्या कंपनीत गाड्यांचे सुटे भाग बनतात, मी क्वालिटीत आहे. दहा लाख भागांमागं ग्राहकाकडून किती खराब म्हणून परत आले, तो आकडा म्हणजे पीपीएम. आमच्या भिंतीवर, सकाळच्या मीटिंगमध्ये, पगारवाढीच्या कागदावर, सगळीकडं हाच आकडा. एका मोठ्या ग्राहकाकडून सलग बारा महिने एकही भाग परत आला नाही, म्हणून प्लँट हेडसरांनी क्वालिटी, स्टोअर आणि डिस्पॅचची मंडळी जालना रोडवरच्या एका बड्या हॉटेलात नेली. एरवी आमची पार्टी म्हणजे ढाबा. तिथं मी जिरा राइस आणि दही मागवते आणि कुणाचं लक्षही जात नाही. या हॉटेलात पाणी ओतायलासुद्धा एक माणूस होता. दिवे इतके मंद की मेनू वाचायला डिस्पॅचच्या दादांनी मोबाईलचा टॉर्च लावला, आणि मग सगळ्यांनीच लावला. मेनूत हुरड्याची चाट होती, भगरीचा रिसोट्टो होता, आपल्या नान-खलियाचं काहीतरी चिमुकलं होऊन आलेलं होतं. काही पदार्थांपुढं गव्हाच्या लोंबीवर काट मारलेलं बारीक चित्र होतं. सरांनी ते चित्र माझ्याआधी पाहिलं. "मॅडम, तुमची सोय आहे इथं! मुद्दाम बघून बुक केलं," असं ते टेबलाच्या त्या टोकावरून म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला खरंच भरून आलं. आणि पोटात गोळाही आला.

कारण चित्रावर माझा विश्वास नाही. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन मला चालत नाही. ग्लूटेन-फ्री म्हणवून घ्यायला पदार्थात किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, म्हणजे २० पीपीएम. डॉक्टरांनी हा आकडा सांगितला तेव्हा मला त्यांच्यासमोर हसू आलं होतं. त्यांना वाटलं धक्का बसला. मी म्हटलं, नाही डॉक्टर, माझा धंदाच हा आहे. एका पोळीत साधारण अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग, काही महिने पोटात जात राहिला तरी माझ्यासारख्याचं आतडं बिघडतं. आतून आतड्याला मखमलीसारखी बारीक लव असते, ती झडते, आणि मग खाल्लेलं अंगाला लागत नाही. एवढं सगळं पहिल्या दहा मिनिटांत कळलं. स्पेसिफिकेशन कळलं, रिजेक्शनचं कारण कळलं. फक्त तपासायला गेज नाही. जेवणाच्या ताटावर ठेवून बघता येईल असं काही माझ्या पर्समध्ये नसतं. मग उरतं ते विचारणं. तवा कुठला? पीठ कुठं दळलं? त्यात हिंग आहे का? आणि आपल्याकडं वाढणाऱ्याला असं विचारणं म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

हिंगाचं नाव काढलं की अजून माझं डोकं तडकतं. पोळी, पाव, रवा, शेवया, बिस्किटं सगळं सोडून आठ महिने झाले, तरी रक्तातला या आजाराचा आकडा हवा तसा उतरेना. डॉक्टर म्हणायचे, काहीतरी जातंय पोटात. मी घरातल्या लोकांवर संशय घेतला, सासूबाईंवर घेतला, चमच्यांवर घेतला. शेवटी एका रविवारी ओट्यावर सगळे डबे मांडले आणि टॉर्च घेऊन एकेकाचं लेबल वाचायला बसले. हिंगाच्या डबीवर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: मैदा. आपण जो बांधानी हिंग आणतो त्यात खरा हिंग थोडका, बाकी डिंक आणि पीठ. आठ महिने मी साधं वरण-भात खात होते आणि त्यातल्या चिमटीतून रोज गहू पोटात जात होता. मग मेतकूट गेलं, त्यात गहू भाजून घालतात. थालीपिठाची भाजणी गेली. धपाटे गेले. येसर गेलं, आणि त्याचं मात्र मला खरंच वाईट वाटलं. लग्नातल्या पंगतीत येसराची आमटी वाढणारा बादली घेऊन धावत येतो, तिचा वास आधी पोचतो आणि माणूस मागून. आता कुणाच्या लग्नाला गेले की तो वास आला की मी पाणी प्यायला उठते.

आजाराची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण आजारपणाच्या गोष्टी सांगणाऱ्याला गोड लागतात आणि ऐकणाऱ्याला नाही. अकरा-बारा वर्षं माझं रक्त वाढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, एकदा तर दवाखान्यात भरती होऊन सलाईनमधून लोह. कुणी म्हणालं गॅस आहे, कुणी म्हणालं टेन्शन आहे, एकांनी तर नवऱ्याला बाजूला घेऊन घरात काही ताण आहे का विचारलं. शेवटी एका तरुण डॉक्टरनं रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला. सीलिअॅक. "हा आजार पंजाब-हरियाणाकडं जास्त दिसतो, आपल्याकडं डॉक्टरांच्याही चटकन डोक्यात येत नाही," तो जरा अपराधी चेहऱ्यानं म्हणाला. मी त्याला विचारलं, मग आता खायचं काय? तो म्हणाला, "तांदूळ, ज्वारी, बाजरी, मका, डाळी. गहू, जव सोडून सगळं." आणि मग माझं घनसावंगीकडचं गाव ऐकून हसला. "तुम्ही तर ज्वारीच्या कोठारातल्या."

ज्वारीच्या कोठारातून मी कधीच बाहेर पडले होते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

माझ्या आजीला आम्ही माय म्हणायचो. मायच्या घरात पोळी सणाची. पाहुणा आला, पुरण शिजलं, बैलपोळा आला की पोळी. एरवी दोन्ही वेळा भाकरी. बाहत्तरच्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. तेव्हा अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची आणि कामावर सुकडी. मिलोची भाकरी गिळवत नाही, असं म्हणताना ती अजूनही तोंड वाकडं करायची, जणू घास तोंडातच आहे. तिच्या लेखी गहू म्हणजे बरे दिवस. माझी आई लग्न होऊन आली तेव्हा आठवड्यातून दोनदा पोळी झाली, मी दहावी झाले तोवर सकाळची पोळी नि संध्याकाळची भाकरी. मी इंजिनीअरिंगला या शहरात आले आणि होस्टेलच्या मेसमध्ये भाकरी हा शब्दच बंद झाला. लग्नानंतर सासरी तर घडीच्या पोळ्या, तीन पदरांच्या, तेल लावलेल्या. मायला फार अभिमान होता. "माझ्या नातीला रोज पोळी," असं ती गावात सांगायची. आता मागं वळून हिशेब मांडला तर जसजशी माझ्या ताटातली पोळी वाढली तसतसं माझं रक्त उतरलं. मला हे मायला सांगायचं धाडस झालं नाही. मी म्हटलं डॉक्टरांनी पथ्य दिलंय. ती म्हणाली, "पोळी खाऊन कोनी मरतंय का? कामून नको म्हनतेत?"

हॉलंडमधल्या विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाबद्दल मी नंतर वाचलं. गव्हानं सीलिअॅकच्या मुलांचं पोट बिघडतं असा संशय त्याला आधीपासून होता. महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला. पाव मिळेना. सगळी मुलं वाळत असताना ही आजारी मुलं सुधारायला लागली, आणि पाव परत आला तशी पुन्हा खंगली. रात्री अकराला स्वयंपाकघरात उभ्यानं मोबाईलवर हे वाचताना मला माय आठवली. त्या हिवाळ्यातल्या एखाद्या आईला आपलं लेकरू बाळसं धरताना बघून काय वाटलं असेल, याचा मी कितीतरी वेळ विचार करत बसले. आनंद व्हायचाच, पण तो सांगणार कुणाला? शेजारच्या घरातलं पोर भुकेनं रडत असणार.

तर, विचारणं. पहिलं वर्ष मी कंपनीत कुणाला काहीच सांगितलं नाही. त्याऐवजी मला एक सोपी युक्ती सापडली: उपास. आपल्याकडं उपास आहे म्हटलं की जगातली कुठलीही व्यवस्था तुमच्यासाठी हलते. कँटीनवाला वेगळ्या तेलात बटाटे तळून देतो, चमचा धुऊन देतो, "ताई, ह्याला हात लागला नाही कुणाचा" असंही सांगतो. आमच्या कॉलनीतला गिरणीवाला एरवी ज्वारी गव्हावर टाकतो, पण आषाढीच्या आधी राजगिरा आणला तर जातं झाडून पुसून घेतो. साबुदाणा, भगर, राजगिरा, बटाटा, शेंगदाणे, सगळं माझ्या पथ्याचंच. मी सोमवार धरला, गुरुवार धरला, चतुर्थी धरली, मग नवी-नवी व्रतं काढली. मेंटेनन्सचे एक काका मला रस्त्यात थांबवून म्हणाले होते, "मॅडम, माझ्या सुनेला तुमचं उदाहरण देतो." देवाला माफी मागायची तर किती दिवसांची मागायची तेही आता आठवत नाही. पोटासाठी तवा वेगळा मागितला की नखरे, देवासाठी मागितला की संस्कार. ही सोय मी मनापासून वापरली. तिला दुसरी बाजू असते हे मला एका बुधवारी कळलं.

स्टोअरमध्ये माझी एक मैत्रीण आहे. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच खेड्यातून आलेली, मशीनच्या आवाजावर मात करेल असं हसणारी. चौदा एप्रिल होऊन दोन दिवस झाले होते. तिनं घरून पुरणपोळ्या आणल्या होत्या, सगळ्या टेबलाला पुरतील एवढ्या, पातळ फडक्यात गुंडाळून, डब्याच्या झाकणाला तूप लागलेलं. तिनं पहिली पोळी माझ्यापुढं धरली. मी सवयीनं म्हणाले, "अगं, माझा उपास आहे." ती क्षणभर थांबली. "बुधवारचा?" एवढंच. मग तिनं तीच पोळी शेजारच्याला दिली आणि सगळ्यांना वाढून डबा बंद केला. नेहमी ती डब्याचं झाकण दणक्यात लावते. त्या दिवशी आवाज झाला नाही.

मला कळायला संध्याकाळ उजाडली. कंपनीच्या बसमध्ये, वाळूजजवळच्या पंढरपूरच्या सिग्नलला, खिडकीवर डोकं टेकून बसले होते तेव्हा एकदम लख्ख कळलं आणि घाम फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टोअरच्या काउंटरवर गेले आणि तिला सगळं सांगितलं. आजार, आतडं, हिंग, खोटे उपास, सगळं. मोबाईलमधला रिपोर्टसुद्धा दाखवला. कुणी मागितला नव्हता तरी दाखवला, त्याची मला आता लाज वाटते. ती ऐकत होती, हातानं बोल्टची पाकिटं मोजत होती. मग म्हणाली, "आधी सांगायचं न गं." आणि थोड्या वेळानं, पाकिटांकडंच बघत, "आमच्या आज्याचा कप वेगळा असायचा. बाहेर, खुंटीला. पाटलाकडं चहा प्यायचा, धुवायचा, परत टांगायचा. वेगळा तवा, वेगळं भांडं म्हनलं की आमच्या घरात आधी ते ऐकू येतं. तू काय बी म्हन." मी काय म्हणणार? ज्या शब्दावर माझं आतडं टिकून आहे, तोच शब्द तिच्या आज्याला उंबऱ्याबाहेर उभा करायचा. त्यानंतर आम्ही पूर्वीसारख्या झालो, निदान तसं दिसतं. मी खोटे उपास सोडले. पण कुठंही "वेगळा तवा असेल ना" म्हणताना माझी जीभ अडखळते. मग मी जास्तच हसून, जास्तच प्लीज लावून विचारते. आणि ते विचारणं आणखीच विचित्र ऐकू येतं.

हॉटेलात ती माझ्या डाव्या हाताला बसली होती.

वाढणाऱ्या मुलाला मी आधीच हळूच विचारून घेतलं होतं. तो अस्सल इथला, दख्खनी बोलणारा. "हौ मॅडम, सब बता दियों अंदर. आप टेन्शन नक्को लो." त्यानं खरंच सांगितलं असणार, कारण पाच मिनिटांत शेफ बाहेर आले. उंच पांढरी टोपी, बोलणं हिंदी-इंग्रजी मिश्र. त्यांनी सगळ्या टेबलासमोर मला सांगितलं की ग्लूटेनबद्दल त्यांना सगळं माहीत आहे, डाळीत हिंग घालू नका म्हणून सांगितलंय, आणि माझ्यासाठी खास इथल्या मातीतली भाकरी येतेय, हंड्रेड पर्सेंट ज्वार. सर माझ्याकडं बघून भुवया उडवत होते, बघा, आहे की नाही! टेबलावर कुणीतरी टाळी वाजवली. मग ती पाटी आली. चारही भाकरी एकाच मापाच्या. मी क्वालिटीतली आहे, मला व्यास दिसतो. हातावर थापलेल्या चार भाकरी एकसारख्या कधी होत नाहीत. एक जरा लांबट होते, एकीची कड जाड राहते, एक फुगता फुगता फुटते. मायची पहिली भाकरी नेहमी वाकडी यायची, ती ती कुत्र्यासाठी ठेवायची. या चौघींच्या कडेला एकही चीर नव्हती. ज्वारीचं पीठ थापताना कड तडकतेच. तळहाताच्या कडेनं ती दाबत, पाण्याचा हात लावत, काठवटीत भाकरी फिरवत न्यावी लागते. त्यातून पीठ जुनं असलं तर त्याची विरी गेलेली असते, मग तर उकळतं पाणी घालून मळलं तरी ती तुटते. चीर ही ज्वारीची सही आहे. इथं सही नव्हती.

तरी मी स्वतःला समजावलं. असेल बाई चांगलं पीठ. असेल आजकालचं एखादं मशीन. ज्वारीची बाजरी आणि बाजरीची ज्वारी करायची तुला सवयच आहे. मग घडी घातली, आणि ती वळली.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. रोज सकाळी मी पंचवीस-पंचवीस वर्षं मशीनवर घालवलेल्या ऑपरेटरला तोंडावर सांगते, हा पार्ट रिजेक्ट. सांगताना माझा आवाज हलत नाही. पण इथं खुर्चीमागं अभिमानानं उभा असलेला माणूस होता, समोर माझी सोय केल्याच्या समाधानात सर होते, आणि डावीकडं ती. "शेफ, यात गहू आहे" म्हणजे सगळ्यांसमोर एकाच्या हातच्या अन्नाला नको म्हणणं. मी घास मोडला. मोडला कसला, ओढला, तर त्याला बारीक धागा आला. ठेच्यात बुडवला, तोंडाजवळ नेला आणि खाली ठेवला. शेफ दुसऱ्या टेबलाकडं वळल्यावर सगळी भाकरी टिश्यूत गुंडाळली आणि पर्समध्ये टाकली. आणि साधा भात मागवला. सरांनी लांबून विचारलं, "भाकरी संपलीसुद्धा?" मी मान हलवली. नको होतं ते खोटं पुन्हा एकदा बोलून झालं, आणि या वेळी देवाचं नावही न घेता.

तिनं बघितलं होतं. पर्सची चेन लावताना मला तिची नजर जाणवली. ती काही म्हणाली नाही. पाटीवरच्या उरलेल्या तिन्ही भाकरी मात्र तिनं आपल्या ताटात ओढून घेतल्या आणि डिस्पॅचच्या दादांना एक दिली. पाटी रिकामी झाली.

हात धुवायला गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी एक पोरगा क्रेट उचलत होता. विशीतला, कानात बाळी, अंगातला अॅप्रन दोन मापं मोठा. त्यानंच आवाज दिला. "मॅडम, ती भाकर तुमची व्हती का? पिठाचं इचारत व्हत्या त्या?" मी हो म्हटलं. त्यानं मागं वळून दाराकडं पाहिलं. "खाऊ नका. थोडं गव्हाचं टाकतेत त्यात. नुसत्या जवारीची तडकतीय, अन् प्लेटात गार झाली की कडक व्हती. गिऱ्हाईक म्हनतं शिळी दिली. शेफला म्हाईत नाही त्यायला काय आजार-बिजार. पीठ मळनारे मळून ठेवतेत सकाळी." मी विचारलं, तू कुठला? म्हणाला, अंबड. "आमच्यापासून जवळच की," मी म्हटलं. तो एकदम खुलला. "मंग तुमाला तर वळखू येनारच ना! माही माय करती तशी केली मी एकदा इथं. म्हनले, ही काय रे तुटलेली." तो हसत होता, पण क्रेट मांडीवर ठेवून उभाच राहिला. मला त्याचे आभार मानायचे होते. त्याऐवजी मी, काय सुचलं कुणास ठाऊक, "ज्वारी घरची आहे का अजून?" असं विचारलं. "कुठली? समदं सोयाबीन हाय," म्हणाला आणि दार ढकलून आत गेला.

घरी जाताना गाडीत मला आधी बरं वाटलं. माझी बोटं बरोबर होती. मायच्या हाताखाली शिकलेलं गेज अजून चालतंय, या गोष्टीचा मला खराखुरा आनंद झाला. क्रांती चौक येईपर्यंत तो उतरला. शेफ खोटं बोलत नव्हते. त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी सांगितलं. आमच्याकडं याला प्रोसेसचा दोष म्हणतात, माणसाचा नाही. आणि मी जर बोलले असते तर तिथल्या तिथं शेफला कळलं असतं. माझ्यानंतर तिथं माझ्यासारखंच कुणी गेलं, एखादं लेकरू गेलं, आणि त्या काट मारलेल्या लोंबीवर विश्वास ठेवला तर? अजूनही मी त्या हॉटेलला फोन केलेला नाही. नंबर शोधून ठेवलाय. रोज जेवणाच्या सुट्टीत वाटतं, आज करू. मग वाटतं, कुणी सांगितलं विचारतील, आणि अंबडच्या पोराची नोकरी जाईल.

दुसऱ्या दिवशी गेटवर आयडी काढताना पर्समध्ये हात घातला तर टिश्यू लागला. भाकरी रात्रभर पर्समध्ये होती, तरी पट्ट्यासारखी वाकत होती. मायची भाकरी सकाळपर्यंत पापड व्हायची, मग तिचा चुरा करून, फोडणी देऊन आम्ही न्याहारी करायचो. भाकरी फेकायची नाही, हे बाहत्तरनं माझ्या घरात कोरून ठेवलंय. गेटसमोर एक गाय रोज उभी असते, तिच्या तोंडाशी धरली. तिनं एका जिभेत घेतली. गाईला ग्लूटेनचं काही नाही.

दुपारी डबे उघडले. मी माझी घरघंटीवर दळलेल्या पिठाची भाकरी काढली, तडकलेली, कडेला करपलेली. ती समोर येऊन बसली आणि न विचारता म्हणाली, "काल गहू होता ना त्यात? मी खाल्ली तवा कळलं. चिवट लागली." मग तिनं आपला डबा उघडून माझ्यासमोर सरकवला. त्यात दोन भाकरी, टम्म फुगून बसलेल्या, पापुद्रे सुटलेले, एकीची कड चांगली बोटभर तडकलेली. सकाळी लवकर उठून केल्या होत्या, तवा घासून घेतला होता, ते तिनं सांगितलं. माझ्या तोंडात आलेला प्रश्न मी दोनदा गिळला. मग ती माझ्याकडं बघतच राहिली म्हणून विचारला.

"पीठ कुठं दळलंस?"

ती थांबली. "चौकातल्या गिरणीत." आणि मग तिलाच आठवलं, "गव्हावर टाकलं असंल का रं त्यानं?" आम्ही दोघी त्या भाकरींकडं बघत बसलो. कँटीनमध्ये पंख्याचा आवाज, ताटांचा आवाज, कुणीतरी लांबून लोणचं मागत होतं. मग तिनं डबा आपल्याकडं ओढला, एक भाकरी मोडली, कर्रकन मोडली, आणि म्हणाली, "ठेचा तर चालतो न? मिरची, लसूण, मीठ. हिंग-बिंग काही नाही. खलबत्त्यात कुटलाय, मिक्सरात नाही." तिनं स्वच्छ चमच्यानं तो माझ्या भाकरीवर घातला. जरा जास्तच घातला. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ती तिचं ते मशीनवर मात करणारं हसली.